न झालेला भागाकार

मॅडम,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती नीट कळेल असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही. घरी सांगून पाहिलं. नवऱ्याने अर्धं ऐकून विचारलं, "पण मग चूक कोणाची?" आणि लेकीने मोबाइलमधून मान वर न काढता "वॉव" म्हटलं. संपलं! म्हणून मग तुम्हीच. तुम्ही गेलात तेव्हा मी बंगळूरला होते. मला कळलं तोवर तुमचं दहावंसुद्धा होऊन गेलं होतं. त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमची प्रयोगशाळा पाडून कॉलेजने तिथे काचेची इमारत उभी केली आहे आणि तिला नाव दिलंय 'इनोव्हेशन' का कायसं. तुम्ही त्या पाटीवर काय बोलला असतात ते मी मनातल्या मनात तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं, पण तुमच्यासारखं काही जमलं नाही. असो. गोष्ट एका सिस्टरच्या नोकरीची आहे आणि एका भागाकाराची.

आधी माझं काम सांगते. बंगळूर सोडून मी पुण्याला परत आले, आणि आता बाणेरला एका छोट्या कंपनीत आहे. हॉस्पिटलमध्ये सलाईनच्या नळीतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे पंप आम्ही बनवतो. त्या पंपाच्या पोटात एक प्रोसेसर असतो, त्यावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि ती सुरू होते तो पहिला क्षण माझ्याकडे आहे. सिस्टर बटण दाबते आणि पडदा उजळतो, त्या दोन्हींच्या मध्ये आमचा प्रोग्रॅम प्रोसेसरची झडती घेतो. लोकांना वाटतं, प्रोसेसर म्हणजे ब्रह्मवाक्य. अहो, पण तोही कारखान्यात तयार झालेला मालच की! त्यातही खोट राहते, कधी आराखड्यात, कधी घडणीत. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एका नावाजलेल्या प्रोसेसरचा भागाकार काही आकड्यांना चुकतो असं निघालं होतं, आणि तुम्ही वर्तमानपत्राचं कात्रण फळ्याला चिकटवलं होतंत. वर्गातल्या निम्म्या पोरांना ती थाप वाटली होती. तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे शहाणे झाले. सुरू होता होता प्रोसेसरला असे प्रश्न घालायचे की ज्यांची उत्तरं आपल्याला पक्की ठाऊक आहेत. हा भागाकार कर. थांब म्हटल्यावर थांबून दाखव. उत्तर जुळलं तर 'ओके' लिहायचं आणि पुढे जायचं. नाही जुळलं तर त्याची ती खोड चुकवून काम करायचं, किंवा सरळ बंद पडायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. हल्ली नवे रोगही निघालेत, त्यांच्याही तपासण्या असतात, पण त्यात शिरले तर पत्र संपायचं नाही. तुम्ही मात्र चहा गार होऊ देऊन ऐकलं असतंत.

मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? मला तर काल झाल्यासारखा आठवतो. मी अकोल्याहून नुकतीच आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, तोंड उघडलं की "करून राहिली" बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. कोपऱ्यातल्या किटवर, म्हणजे सरावासाठी प्रोसेसर बसवलेल्या पाटीवर, आम्ही पाळीपाळीने बसतोय. प्रोग्रॅम अगदी बाळबोध आहे, पाच आणि चार यांची बेरीज करून उत्तर अमुक जागी ठेवायचं. सगळ्या बॅचनी उत्तर लिहिलं, नऊ. माझ्या पाळीला आठ आले. मी पुन्हा चालवला, पुन्हा आठ. घाम फुटला हो मला! शेजारीण म्हणाली, "अगं, नऊ लिही आणि मोकळी हो." पण समोर आठ दिसत असताना नऊ कसे लिहू, एवढंच माझ्या डोक्यात. मी लिहिलं, पाच आणि चार आठ. तुम्ही ते मोठ्याने वाचून दाखवलंत, आणि वर्ग असा हसला की काय सांगू. कोणीतरी म्हणालं, "अकोल्याची बेरीज." मला वाटलं, धरणी दुभंगावी. तुम्ही सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबलात. मग पदराने चष्मा पुसत म्हणालात, "किटमधली मेमरीची चिप मी मुद्दाम बिघडलेली लावली आहे. उत्तराच्या जागी नऊ लिहिलेत तरी आठच राहतात. तेव्हा आपण सगळ्या विद्वानांनी नऊ कुठून आणलेत, हे कळेल का? घरून आणलेत का डब्यातून?" मग माझ्याकडे बोट केलंत. "हिने यंत्राला विचारलं. आपण स्वतःलाच विचारलंत, आणि स्वतःवर खूश झालात." त्या दिवसानंतर मला "अकोल्याची बेरीज" कोणी म्हणालं नाही असं नाही, पण म्हणताना ते जरा जपून म्हणायला लागले.

आणि तुम्ही मला डोक्यावर बसवून ठेवलंत असंही नाही. पुढच्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम चालेना, तर मी मोठ्या तोऱ्यात हात वर करून म्हटलं, "मॅडम, किट खराब आहे." तुम्ही आलात, एक नजर टाकलीत, आणि माझी चूक बोटाने दाखवलीत. मग म्हणालात, "एकदा किट खराब निघालं म्हणून आपला प्रोग्रॅम जन्मभर सोवळा झाला वाटतं?" कान असे लाल झाले माझे! विदर्भातली माणसं आम्ही, रागावलो तर घर डोक्यावर घेऊ, भांडू, आणि संध्याकाळी एका ताटात जेवू. हे असं हळू आवाजात, 'आपण' म्हणून सोलून काढणं आम्हाला नवीन होतं. मी कुरकुरले तर तुम्ही म्हणालात, "खडकवासल्याचं पाणी पितेस ना? होईल सवय." झाली. इतकी झाली की आता ऑफिसमधली पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते तुम्हाला सांगत नाही.

आता ती सिस्टर. शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये आमचा नवा पंप लावलेला. एका आजोबांना औषध पाहिजे त्यापेक्षा भरभर गेलं आणि त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. या मुलीच्याच ते लक्षात आलं, तिनेच पंप बंद केला, डॉक्टरांना बोलावलं, आजोबा वाचले आणि चार दिवसांनी चालत घरी गेले. पण चौकशी तर होणारच. पंपाने औषध कुठल्या वेगाने सोडलं ते पंपात नोंदलेलं होतं, पण सिस्टरने काय आकडे भरले ते नव्हतं. पुढच्या पंपात ते असणार आहे, आमचं शहाणपण नेहमी पुढच्या पंपातच असतं. पेशंटचं वजन भरलं की पंप भागाकार करून वेग काढतो, आणि फाइलमध्ये आजोबांचं वजन एकसष्ट किलो लिहिलेलं. हॉस्पिटलच्या माणसांनी एकसष्ट भरून पाहिलं, आम्हीही भरून पाहिलं, वेग बरोबर आला. पंप सुरू होताना प्रोसेसरची तपासणी 'ओके' लिहीत होती. तसं मी अहवालात लिहून दिलं. मग राहिलं कोण? तिने भलताच आकडा दाबला असणार. तिला घरी बसवलं, आणि कमिटी बसून निकाल देईल असं सांगितलं. निकाल काय लागणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि एकदा असा शेरा बसला की दुसरं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नव्हतं.

मला खरं तर तिला भेटायचं काही कारण नव्हतं. आमच्या साहेबांनी तर स्पष्ट सांगितलं, "अहवाल दिलाय ना? मग आता कशाला हात दाखवून अवलक्षण?" पण आजोबांना मिळालेला वेग मला खटकत होता. बोट घसरून चुकीचं बटण दाबलं गेलं तर आकडा दुप्पट होतो, दहापट होतो. हा वेग तसला नव्हता, मधलाच कुठलातरी विचित्र होता. तो यायला काय दाबावं लागेल ते मी कागदावर उलटं सोडवून पाहिलं, आणि जो आकडा निघाला तो कुठलंही शहाणं माणूस वजन म्हणून भरणार नाही. म्हणून गेले. नारायण पेठेत एका खोलीत ती आणि आणखी दोघीजणी राहतात. मला बघून ती उभीच राहिली, बसेना. बोलायला लागली तर माझ्या कानाला एकदम घरचं काहीतरी लागलं. ती यवतमाळकडची निघाली. "मी बराबर भरलं होतं मॅडम. खोटं काहून बोलू मी?" हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्याच चालीत. त्या वाक्याला आता काही अर्थच उरला नव्हता. ते तिने इतक्या लोकांना सांगितलं होतं की तिचं तिलाही ते ऐकू येत नसावं.

इथे मला तुमचं स्वयंपाकघर सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडायला निघाले होते. आई आजारी, पेपर अवघड गेलेले, मेस बंद पडलेली, आणि रोज भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "बरी आहे." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. विचारणाराही खूश, मीही मोकळी. तुम्ही जिन्यात गाठलंत आणि विचारलंत, "काल संध्याकाळी काय जेवलीस?" आता याला तयार उत्तर कुठून आणायचं? मी आठवायला लागले आणि आठवेचना, कारण जेवलेच नव्हते. परवाचं विचारलंत, तेही नाही. तुम्ही मला सरळ घरी घेऊन गेलात. एकट्या राहायचात तुम्ही, दोन खोल्या आणि एक अरुंद ओटा. चहा ठेवलात, आणि चहात दूध घालण्याआधी पळीत थोडं दूध घेऊन ते गॅसवर धरलंत, नासतंय का बघायला. मी म्हटलं, "मॅडम, आत्ता तर आणलंत ना डेअरीतून?" तुम्ही म्हणालात, "डेअरीवाल्याला विचारलंय. दुधाला अजून विचारलं नाही." नंतर मला दुधी भोपळ्याची भाजी वाढलीत, आणि तिच्यात गूळ! आमटीत गूळ, भाजीत गूळ. भुकेने जीव गेला होता तरी माझं तोंड वाकडं झालंच. तुम्ही बघितलंत. पुढच्या वेळी गेले तर ताटाशेजारी लाल ठेच्याची बाटली, "हे तुमच्याकडचं बारूद, पेठेत शोधायला जीव मेटाकुटीला आला" म्हणून. त्या जेवणावर मी राहिले, मॅडम. कॉलेजात, पुण्यात, सगळ्यातच. उन्हाळ्यात तुम्ही तुमचा टेबलफॅनही मला दिलात आणि बजावलंत की त्याला डाव्या बाजूने चापट मारल्याशिवाय तो फिरत नाही. "आणि माझ्यासमोर मारू नकोस, मला बघवत नाही." माझ्या आईने तो पंखा बघितला आणि विचारलं, तुझ्या मॅडमना पोरंबाळं नाहीत का? मी सांगितलं, आहेत की, साठ-सत्तर आहेत दर वर्षी.

तर ती सिस्टर. मी तिला 'बरोबर भरलंस का' हे विचारलंच नाही. म्हटलं, "आजोबांना वजनाच्या काट्यावर कसं उभं केलंत?" ती म्हणाली, "उभं कुठं केलं मॅडम? त्यांच्यानं उठवत नव्हतं." मग वजन आलं कुठून? "त्यांच्या सुनेनं सांगितलं, एकसष्ट." ते भरलंस? "भरलं. मग डॉक्टर आले. म्हणे, एवढं कुठं असते, सुकून गेले ते, सत्तावन्न कर. मी केलं." फाइलमध्ये का नाही लिहिलं? "ते म्हणे, मी लिहितो. मग गडबड झाली." अगं, मग हे चौकशीत सांगितलंस का नाही? तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "सांगायले गेली तं म्हणे, फाइलमधला आकडा भरला का, हो का नाही तेवढंच बोला. मी म्हटलं, हो. भरला तं होताच ना आधी." आई शप्पथ, मॅडम, मला इतका राग आला! इतक्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी त्या पोरीला विचारलं, आणि एकाही प्रश्नात उत्तराला जागा ठेवलेली नव्हती.

आजोबांना लावलेला तो पंप तपासायला ऑफिसात आणून ठेवलेला होता. मी सत्तावन्न भरलं आणि पडद्यावर तोच वेग आला, तोच विचित्र मधलाच. शेजारच्या पंपावर सत्तावन्न भरलं, तिथे बरोबर. म्हणजे आमचं गणित बरोबर आहे, याच प्रोसेसरला हा भागाकार येत नाही. मी खुर्चीत बसून हसत सुटले. साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "पण सुरू होताना 'ओके' म्हणतोय. तुमचीच तपासणी आहे. कमिटीत विचारतील, तपासणी खरी मानायची का हे खरं मानायचं?" प्रश्न चोख होता. तुम्ही मला शिकवलेलं की आपला प्रोग्रॅम सोवळा नसतो, तसा तो नव्हताच. आणि त्याहून वाईट म्हणजे असे खोट असलेले प्रोसेसर आणखी किती पंपांत बसलेत, कुठल्या हॉस्पिटलात, कोणाच्या उशाशी चालू आहेत, हे सांगणारी एकच गोष्ट आमच्याकडे होती, आणि ती सगळ्यांना सरसकट 'ओके' म्हणत होती.

तपासणीचा प्रोग्रॅम मी दहा वेळा वाचला. त्यात काडीची चूक नाही. प्रोसेसरच्या भागाकारात खोट असेल तर हमखास चुकेल असा एक आकडा, त्याला दुसऱ्याने भागा, उत्तर आपल्या माहितीच्या उत्तराशी जुळतं का बघा. माझ्या आधीच्या माणसाने नेटका लिहिलेला होता. मग मी तो यंत्राच्या भाषेत उघडला, म्हणजे आपण लिहिलेलं कंपायलर जिच्यात उतरवून देतो ती, जी तुम्ही आम्हाला किटवर एकेक आकडा दाबून शिकवलीत आणि जी आता कोणी वाचत नाही. एक एक ओळ उतरत गेले. भागाकाराची आज्ञा शोधत होते. नाहीच! भागाकारच नव्हता हो तिथे. झालं असं होतं की मधल्या काळात आम्ही कंपायलर नवीन घेतला, आणि तो फार हुशार. त्याने बघितलं की दोन्ही आकडे आधीच ठरलेले आहेत, मग त्या बिचाऱ्या पंपाला कशाला तसदी द्या? त्याने तो भागाकार आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच करून टाकला आणि पंपात नुसतं उत्तर ठेवलं. म्हणजे पंप सुरू होताना काय करत होता, तर तयार उत्तर तयार उत्तराशी ताडून बघत होता आणि 'ओके' लिहीत होता. प्रोसेसरला कोणी काही विचारतच नव्हतं. शीत आम्ही दाबून बघत होतो, पण ते दुसऱ्याच पातेल्यातलं. मला हसावं का रडावं कळेना. मी बाहेर जाऊन एक कडक चहा प्यायले आणि परत येऊन तीच ओळ पुन्हा बघितली. अजूनही नव्हता.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीशी. कंपायलरला बजावायचं की हे आकडे तू गृहीत धरू नकोस, ते पंपात गेल्यावरच बघितले जातील. तेवढं केलं, पंप बंद करून सुरू केला, आणि तो पहिल्यांदा अडला. पडदा उजळलाच नाही. जुनाच प्रश्न, फक्त आता खरोखर विचारलेला, आणि त्याला तो येत नव्हता. मग त्याच खेपेचे प्रोसेसर बसवलेले पंप ठिकठिकाणहून परत मागवले. नवी तपासणी घातल्यावर त्यातले बरेचसे सुरळीत सुरू झाले आणि थोडे अडले. जे अडले त्यांतल्या एकेकावर कोणाचं तरी औषध चालू होतं, या विचाराने मला आजही कसंतरी होतं.

कमिटीच्या दिवशी साहेब गाडीत म्हणाले, "भाषा जरा सांभाळून. 'तांत्रिक बाबींची पडताळणी सुरू आहे' असं काहीतरी." ते वाईट गृहस्थ नाहीत, मॅडम, त्यांना पगार करायचे असतात. पण हॉस्पिटलच्या त्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाला ती पोरगी अंग चोरून बसलेली, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सगळे. मी उभी राहिले आणि सांगितलं, "आमचं यंत्र चुकलं. यांनी भरलेला आकडा डॉक्टरांनी सांगितला तोच होता, आणि तो बरोबर होता. यंत्राने स्वतःला 'ओके' म्हटलं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. माझा आधीचा अहवाल मी मागे घेते." तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमच्या कंपनीची चूक तुम्ही लेखी देताय?" मी म्हटलं, "लेखीच आणलंय." साहेबांनी डोळे मिटून घेतले. ज्या डॉक्टरांनी सत्तावन्न सांगितलं होतं ते खाली बघत म्हणाले, हो, मी सांगितलं होतं, लिहायचं राहिलं. मग फार काही उरलं नाही. सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रननी तिला तिथल्या तिथे विचारलं, उद्यापासून कुठली ड्यूटी घेशील?

बाहेर पॅसेजमध्ये तिने माझा हात धरला आणि सोडेच ना. म्हणाली, "मॅडम, माझ्या मायले सांगता का फोनवर? मी सांगितलं तं तिले वाटते, मी तिच्या जिवाले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली." फोन लावला. पलीकडून आवाज आला आणि माझी पुण्यातली सगळी घासूनपुसून घेतलेली मराठी कुठल्या कुठे पळाली. "माय, मी अकोल्याची. तुमची पोरगी बराबर होती. मशीन चुकलं. तिच्यावर आता कोनाचाच आळ नाई." मग त्या म्हणाल्या, "थांबा बाई. फोन मोठा करतो. इथं आजूबाजूच्या बाया बसून राह्यल्या, त्याइले आयकू द्या. आता पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, ओरडून, येणारे-जाणारे वळून बघत असताना. शेवटी त्या माउली म्हणाल्या, "अजून एकदा. माई जाऊ आत्ताच आली." मी तिसऱ्यांदा सांगितलं.

तुमचे उपकार मानावेत म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तुम्हाला 'उपकार' शब्द चालला नसता, "सरकार मला पगार देत होतं" म्हणाला असतात. तरी मानते. पोट भरून मानते. पण लिहिता लिहिता एक मोह झाला तो तुम्हाला सांगून टाकते. मला लिहायचं होतं की त्या पोरीसमोर बसले तेव्हा तुम्ही आठवलात. भागाकार सापडेना तेव्हा तुमचा आवाज कानात आला. कमिटीत उभी राहिले ती तुमच्या जिवावर. वाचायला किती छान वाटलं असतं. पण नाही आठवलात, मॅडम. एकदाही नाही. सगळं मी माझ्याच डोक्याने करतेय असंच मला वाटत होतं, आणि थोडा गर्वही वाटत होता. तुम्ही आठवलात ते घरी जाताना, रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला अडकली तेव्हा, काही कारण नसताना. आणि एकदम इतकं रडू आलं की रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "ताई, काय झालं? परत हॉस्पिटलला घेऊ का?" मी म्हटलं, "नको हो. मला शिकवायला एक मॅडम होत्या." त्याने सिग्नलच्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "मग रडून घ्या. हा सिग्नल मोठा आहे."